५२ किलोमीटरचा रूट आणि त्यातले ३.४ किलोमीटर: एका ग्रॅव्हल लूपचं प्रकरण

ग्रॅव्हल सायकलिंगचा, म्हणजे मातीच्या आणि मुरमाच्या कच्च्या रस्त्यांवरून सायकल चालवण्याचा, रूट आखताना बहुतेक जण एकूण किलोमीटर आणि एकूण चढ बघतात, मीही तेच बघायचो. या एका राईडनंतर मी आधी पाणी बघायला लागलो, म्हणजे पाऊस पडला की या वाटेवरचं पाणी जातं कुठे. ही सगळी हकीकत सविस्तर लिहितोय कारण शहराला लागून जंगल आणि हिरवा पट्टा असलेल्या कुठल्याही ठिकाणी हेच होऊ शकतं, आणि आमच्या बाबतीत जे बिघडलं ते जवळपास सगळं घरी बसून आधी कळलं असतं.

तर परिस्थिती अशी होती. आम्ही सहा जण. माझी ग्रॅव्हल बाईक, ४५ मिमी रुंदीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर. एका दादांकडे ग्रॅव्हल बाईकच पण ४० मिमी आणि आत ट्यूब. एक ताई हायब्रिडवर (शहरी, साध्या कच्च्या रस्त्यावरही चालणारी सायकल), ३५ मिमी. एक काका जुन्या हार्डटेल एमटीबीवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल), आणि दोन कॉलेजची मुलं, दोघांच्या सायकली ४० मिमीवाल्या पण लांब राईडचा अनुभव फारसा नाही. सगळ्यांना एकत्र, अर्ध्या दिवसात होईल असा आणि डांबर शक्य तितकं कमी असलेला लूप, म्हणजे फिरून परत तिथेच येणारा रूट, हवा होता, आणि तो आखायचं काम मी अंगावर घेतलं.

एका संध्याकाळी लॅपटॉपवर बसून ५२ किमीचा लूप काढला. शहरातून बाहेर पडायला ६ किमी डांबर, मग नदीच्या बांधावरून ९ किमी, मग रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून ८, जंगलात शिरताना ५ किमी चढ, आतमधे ११, मग ४ किमी उतार आणि हिरव्या पट्ट्यातून ९ किमी परत. रेल्वेमार्गाचा तुकडा मला फार आवडला होता, कारण जुन्या रेल्वेला चढ झेपत नसे, म्हणून ते मार्ग शक्यतो शंभर मीटरला दोन मीटरच्या आतबाहेरच चढवलेले असतात आणि वळणंही मोठी असतात, नवख्या माणसाला सरावाला यापेक्षा चांगली जागा नाही. माझा अंदाज चार तासांचा होता. लागले सहा तास वीस मिनिटं.

पहिले २८ किमी अगदी छान झाले, त्यावर जास्त लिहीत नाही. जंगलातला चढसुद्धा घट्ट दाबलेल्या मुरमाचा होता, मधला भाग किंचित उंच आणि दोन्ही कडांना पाण्यासाठी चर, दोन दिवसांपूर्वी चांगला पाऊस होऊनही रस्ता कोरडा. तिथे आम्ही सगळे इतके खुश होतो की फोटोसाठी दोनदा थांबलो.

मग डावीकडे खाली उतरणारा फाटा आला, जो मी मुद्दाम निवडला होता. नकाशावर तो ओढ्याच्या कडेकडेने जात होता, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींपासून लांब लांब, म्हणजे जवळपास सपाट, आणि वरचा डोंगराच्या धारेवरचा रस्ता घेतला असता तर ९० मीटर जास्त चढ पडला असता. मी मनात म्हटलं सपाट आहे, सावली आहे, ओढा आहे, अजून काय पाहिजे.

साधारण ३०० मीटर गेल्यावर चाकोऱ्या सुरू झाल्या. लाकूड ओढणाऱ्या ट्रॅक्टरने पाडलेल्या, कुठे कुठे वीतभर खोल, आणि त्यात पाणी साचलेलं. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा दिसायला कोरडा, पण वर नुसती पापडी आणि खाली लोण्यासारखी माती. दोन चाकांत तीन किलो चिखल कधी भरला कळलंच नाही. माझ्या फ्रेममधे ४५ चं टायर घातल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार मिमी जागा उरते, तिथे माती आणि सुकी पानं मिळून असा काही लगदा बसला की चाक फिरेना. काठीने खरवडायचं, वीस पावलं ढकलायचं, परत खरवडायचं. एका मुलाने जोर लावून पेडल मारत राहायचं ठरवलं, चिखलात गुंतलेली एक काडी मागच्या डिरेलरमधे (गिअर बदलणारा भाग) गेली आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर वाकला. नशीब तुटला नाही. हाताने जमेल तितका सरळ केला, पण पुढची सगळी राईड त्याने मधल्या दोनच गिअरवर काढली.

इथे एक गोष्ट सांगतो जी तेव्हा माहीत असती तर बरं झालं असतं. असा चिकट चिखल लागला की पेडल मारायचंच नाही, उतरायचं, आणि ढकलायचंसुद्धा नाही, सायकल सरळ खांद्यावर घ्यायची किंवा कडेच्या गवतातून न्यायची. चाक फिरतं तेव्हाच ते माती गोळा करतं. अमेरिकेत कॅन्ससमधे २००६ पासून होणारी जी प्रसिद्ध ३२० किमीच्या आसपासची ग्रॅव्हल रेस आहे, अनबाउंड, तिथे २०२३ मधे सुरुवातीच्याच टप्प्यात असा चिखल लागला होता, भलेभले सायकल उचलून चालत होते आणि कित्येकांचे डिरेलर तिथेच तुटले. म्हणजे हा ताकदीचा किंवा अनुभवाचा प्रश्न नाही. मातीच तशी असते.

ते ३.४ किमी पार करायला आम्हाला एक तास पंचवीस मिनिटं लागली. ताई एकही शब्द तक्रारीचा बोलल्या नाहीत, पण शेवटी बसून बुटातलं पाणी काढताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वरून दुसरा रस्ता नव्हता का?" होता. तो आमच्या डोक्यावर, सरळ रेषेत ४०० मीटरवर होता, आणि नंतर जाऊन बघितला तर पूर्ण कोरडा.

चिखल संपला आणि लगेच दुसरं प्रकरण सुरू झालं. पुढचा १.२ किमीचा तुकडा नकाशावर 'ग्रॅव्हल' म्हणून नोंदवलेला होता, आणि तो शब्द बघून मी घरी आनंदाने तिथून रेघ ओढली होती. प्रत्यक्षात ती रेल्वेच्या रुळांखाली असते तशी खडी निघाली, पाच-सहा सेंमीचे धारदार दगड, सुटे. दादांचं मागचं टायर पहिल्या २०० मीटरमधेच बसलं. ट्यूब बाहेर काढली तर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या, म्हणजे टायर दगडावर आपटून ट्यूब दगड आणि रिमच्या दोन कडा यांच्यामधे चेमटली गेली. आणि यात माझीच चूक होती, कारण निघताना मीच त्यांना हवा २८ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं एकक) कमी करायला लावली होती. ४५ मिमी ट्यूबलेसवर मला ते प्रेशर चालतं. ७८ किलोच्या माणसाला ४० मिमी टायरमधे ट्यूब असताना अशा दगडांवर ते चालत नाही, आता ते मागे ४० च्या आसपास ठेवतात आणि परत तसं झालेलं नाही.

पंक्चर काढून उतार उतरलो तेव्हा सूर्य मावळला होता. शेवटचा ९ किमीचा हिरवा पट्टा जिथे सुरू होतो तिथे फाटक, आणि फाटकाला कुलूप. सूर्यास्तानंतर प्रवेश बंद असा फलक होता, पण मी आधी कधी त्या बाजूने आलोच नव्हतो त्यामुळे माहीत नव्हतं. संध्याकाळी प्राणी बाहेर पडतात म्हणून फाटक लावतात हे पूर्ण योग्य आहे, मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की दमलेली सहा माणसं, त्यातल्या दोघांकडे मागचा लाल दिवा नाही, अंधारात ७ किमी मोठ्या रस्त्यावरून परत आली. मला या पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही आहे. चिखलाने कपडे खराब होतात, धुतले की संपलं. ते सात किलोमीटर मात्र मी कुणाच्याही वाट्याला परत येऊ देणार नाही असं त्याच रात्री ठरवलं.

मग पुढचे काही आठवडे मी तिथेच परत परत गेलो. एकदा कोरड्यात, एकदा पाऊस पडल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी, आणि एकदा काकांना बरोबर घेऊन अगदी सावकाश. नकाशा आधी परत उघडला आणि तोच आता वेगळा दिसायला लागला.

ओपनस्ट्रीटमॅपवर, जो २००४ पासून लोक मिळून बनवतात आणि बरीच राईडिंगची अ‍ॅप ज्याच्यावर चालतात, प्रत्येक कच्च्या वाटेला वेगवेगळे टॅग (वाटेची माहिती देणाऱ्या नोंदी) लावता येतात. 'ट्रॅकटाइप' मधे ग्रेड १ ते ग्रेड ५ असतात, १ म्हणजे घट्ट पक्का आणि ५ म्हणजे नुसती मऊ माती किंवा गवत. 'सरफेस' मधे पृष्ठभाग काय आहे ते. आणि इथेच मी फसलो, कारण तिथल्या व्याख्येप्रमाणे 'ग्रॅव्हल' म्हणजे फोडलेली जाड खडी, आपल्याला सायकलला जो गोड वाटणारा पृष्ठभाग हवा असतो तो तिथे 'कॉम्पॅक्टेड' किंवा 'फाइन ग्रॅव्हल' म्हणून असतो. अर्थात लोक टॅग भरताना हे काटेकोर पाळतातच असं नाही, त्यामुळे शब्द बघून निर्णय घेऊ नका, उपग्रहाच्या फोटोत रंग बघा आणि कुणी फोटो टाकला असेल तर तो बघा. ओढ्याकडेच्या वाटेला ग्रेड ४ लिहिलेलं होतं. सहा टिचक्यांवर ही माहिती होती आणि मी ती उघडलीच नव्हती, कारण अ‍ॅपने ती वाट बाकीच्या कच्च्या रस्त्यांच्याच रंगात दाखवली होती.

चढाच्या आकड्याचंही तसंच. अ‍ॅप ७४० मीटर सांगत होतं, हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या माझ्या सायकलच्या मीटरवर ६१० आले. जंगलात हे बऱ्याचदा होतं. जगभरच्या उंचीच्या माहितीचा एक मोठा स्रोत म्हणजे फेब्रुवारी २००० मधे एंडेव्हर शटलमधून ११ दिवस रडारने केलेली मोजणी, तिच्या जाळीतला एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा आणि दाट झाडी असली की रडार जमिनीपर्यंत पूर्ण पोचत नाही, झाडांचे शेंडेही थोडेफार त्यात मिसळतात. मग सपाट वाटेवरही आकडा खालीवर होत राहतो आणि चढ फुगतो. म्हणून घाबरून धारेवरचा रस्ता टाळू नका.

आता पाण्याचं. दोन्ही रस्ते एकाच जंगलात, एकच पाऊस, मग एक कोरडा आणि एक दलदल कसा? वरचा रस्ता उताराच्या अंगावरून आडवा जातो, बाहेरच्या कडेला किंचित कललेला आहे, जागोजागी मोऱ्या आहेत, पाणी आलं की दोन-चार मीटर जाऊन खाली उतरून जातं. खालचा सपाट आहे, आणि सपाट म्हणजे पाण्याला जायला जागाच नाही. शिवाय त्या खालच्या वाटेवर झाडीमुळे ऊन नाही, वारा नाही. त्यात चाकोरी पडली की ती स्वतःच गटार होते आणि दर पावसात अजून खोल जाते. पायवाटा बांधणारे लोक एक साधा नियम पाळतात, की वाटेचा चढ हा त्या डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, नाहीतर पाणी वाट ओलांडून जायच्या ऐवजी वाटेवरूनच धावायला लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की सायकलवरून जाता जाता वाट वाचता येते. आडवे घातलेले ओंडके किंवा रबरी पट्ट्या दिसल्या की समजायचं इथे पाणी बाहेर काढलंय, आणि त्या ओलांडताना चाक शक्य तितकं काटकोनात न्यायचं, तिरकं गेलं की ओल्या लाकडावरून पुढचं चाक निसटतं.

मातीची परीक्षा मला काकांनी दाखवली. चिमूटभर ओली माती घ्यायची, मळायची, आणि अंगठा आणि तर्जनीमधे दाबत दाबत पट्टी बाहेर सरकवायची. ओढ्याजवळची माती पाच सेंमीच्या पुढे गेली तरी पट्टी तुटेना, चकचकीत, बोटाला घट्ट चिकटलेली. म्हणजे चिकणमाती भरपूर. वरच्या रस्त्याची दोन सेंमीवर तुटून पडत होती आणि बोटांना खरखर लागत होती. एवढी साधी गोष्ट, पण त्यानंतर मी प्रत्येक नव्या वाटेवर दोन-तीन जागी थांबून हे करतोच.

धारेवर पोचायला दोन पर्याय होते, एक सरळसोट वाट सरासरी १४ टक्के चढाची (शंभर मीटरला १४ मीटर) आणि एक वळणावळणाची ८ टक्क्यांची, लांबी जवळजवळ दुप्पट. मुलांना आखूडवाली हवी होती. म्हणून हिशोब मांडला. पुढे पेडलपाशी ४० दातांचं चेनरिंग (साखळीचं चाक) आणि मागच्या चाकाला ४२ दातांचा सगळ्यात मोठा कॉग, तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.१ मीटर जाते, मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी साडेसात किमी. माणूस आणि सायकल मिळून ८७ किलो असतील तर १४ टक्क्यांवर या वेगाला २७० वॉटच्या आसपास लागतात, ८ टक्क्यांवर १६५ च्या आसपास. हौशी माणूस १६५ बराच वेळ धरू शकतो, २७० नाही धरू शकत, आणि सुट्या खडीवर पेडलवर उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं त्यामुळे तोही मार्ग बंद. लांबचा रस्ता घेतला आणि कुणालाच उतरावं लागलं नाही.

नवा लूप ४४ किमीचा झाला. ओढ्याची वाट आणि जाड खडी दोन्ही पूर्ण काढून टाकलं. दिशा उलटी केली, जेणेकरून फाटकवाला पट्टा सकाळी सुरुवातीलाच होऊन जाईल. नदीचा बांध त्यामुळे शेवटी आला, आणि तिथे दुपारी लहान मुलं, वयस्कर लोक, कुत्रे सगळे फिरायला असतात, म्हणून तिथे सगळ्यांनी ताशी १५ च्या आत आणि लांबूनच घंटी असं ठरवलं. ही माझी आग्रहाची गोष्ट आहे. वाटेवर बांधकाम न होता ती इतकी वर्षं टिकली ती चालणाऱ्यांमुळे, आणि सायकलवाल्यांनी एकदा कुणाला घाबरवलं की पुढे बंदीचा फलक लागायला वेळ लागत नाही. शिवाय दर ८ ते १० किमीवर डांबराकडे बाहेर पडायची एकेक जागा शोधून रूटच्या फाईलमधे खूण करून ठेवली, आधीच्या रूटमधे जंगलात शिरल्यावर अशी एकही नव्हती आणि हँगर तुटलाच असता तर काय केलं असतं याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

तेच सहा जण परत गेलो. चालवण्याचा वेळ तीन तास चाळीस मिनिटं. एक काटा लागला, माझ्याच टायरला, टायरमधल्या सीलंटने (भोक बुजवणारा द्रव) फेस येऊन भोक दोन मिनिटांत बंद झालं. एका ओहोळावर दीडशे मीटर सायकली उचलल्या, तेवढंच. धारेवरच्या एका वळणावर ताई सगळ्यांच्या पुढे होत्या, त्यांनी थांबून हात वर केला, बघतो तर समोरच्या पट्ट्यात पूर्ण शहर दिसत होतं आणि ओढ्याची ती वाट झाडांखाली कुठे दिसतही नव्हती.

रूटचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. ओहोळाच्या आधीचा ९०० मीटरचा भाग पावसानंतर मऊ होतो, तिथे आत्ता चाकाचे ठसे नाहीत पण सहा सायकली ओल्यात गेल्या तर पडतील, ते वाळून दगडासारखे होतील आणि पुढच्या पावसात पाणी त्यांच्यातूनच धावेल, म्हणजे ओढ्याकडे ट्रॅक्टरने जे केलं तेच आम्ही इथे हळूहळू करू. म्हणून मोठ्या पावसानंतर दोन दिवस तो भाग वापरायचा नाही असं आम्ही आपापसात ठरवलंय, आणि दोन दिवसांनीही आधी टाच दाबून बघायची, सेंटीमीटरभर रुतली तर मागे फिरायचं. गंमत म्हणजे रेल्वेमार्गाच्या शेवटी जो ६०० मीटर रेतीचा पट्टा आहे तो याच्या बरोबर उलटा वागतो, कोरड्यात चाक खचतं आणि ओली रेती मात्र घट्ट बसते, पावसानंतर तिथे चालवायला सगळ्यात मजा येते.

त्यामुळे आता दोन फाईल ठेवल्यात, एक कोरड्यासाठी आणि एक ओल्यासाठी, ओल्यावाली २.१ किमी डांबरावरून वळसा घालून परत धारेला लागते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर निघायच्या आधी काका फक्त एवढंच विचारतात, कुठली लावलीस.